वीस आमदारक्या, दहा पुरुष: जालना जिल्ह्याच्या मतांचा हिशेब

२००९ ते २०२४ या काळात विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. जालना जिल्ह्यात मतदारसंघ पाच, म्हणजे एकूण २० आमदारक्या. त्या १० जणांच्या वाट्याला आल्या आणि ते दहाही पुरुष आहेत. राजेश टोपे, बबनराव लोणीकर, नारायण कुचे आणि संतोष दानवे या चौघांनी प्रत्येकी तीनदा बाजी मारली. वीसपैकी बारा आमदारक्या तिथेच संपल्या. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्याकडे प्रत्येकी दोन गेल्या. उरलेल्या चार सुरेश जेथलिया, संतोष सांबरे, चंद्रकांत दानवे आणि हिकमत उढाण यांना एकेकदा मिळाल्या.

लोकसभेचा जालना मतदारसंघ १९७७ पासून पाहिला तर चित्र आणखी आटोपशीर आहे. १३ सार्वत्रिक निवडणुका, ६ खासदार. पुंडलिक हरी दानवे, बाळासाहेब पवार, अंकुशराव टोपे, उत्तमसिंग पवार, रावसाहेब दानवे आणि आता कल्याण काळे. इथेही स्त्री एकही नाही.

आता दुसरी बाजू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. त्यात ९,४७,५७३ स्त्रिया होत्या. जवळजवळ साडेनऊ लाख स्त्रियांच्या या जिल्ह्यातून विधानसभेत पोहोचण्याच्या सर्वांत जवळ कोणी गेले असेल, तर त्या निर्मला रावसाहेब दानवे. २००९ मध्ये भोकरदनमध्ये भाजपच्या तिकिटावर त्या दोन हजारांपेक्षाही कमी मतांनी हरल्या. त्यानंतरच्या तीन निवडणुकांत पाचही मतदारसंघांतले पहिले दोन क्रमांक पुरुषांचेच राहिले.

मतदार उदासीन आहे म्हणून असे होते का? आकडे तसे सांगत नाहीत. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानात राज्याची टक्केवारी सुमारे ६६ होती, जालना जिल्ह्याची सुमारे ७२. ज्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर ऐन त्याच दिवसांत बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात, त्या जिल्ह्याची ही टक्केवारी आहे. त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता, म्हणजे मतदानाच्या पाच दिवस आधी. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातल्या तांड्यावस्त्यांवर त्या आठवड्यात मुकादमाच्या गाडीची वाट पाहिली जाते. तरीही दर शंभरातले बहात्तर मतदान केंद्रावर पोहोचले. हा मतदार घरात बसणारा नाही. तो रांगेत उभा राहतो आणि मनात आले की भल्याभल्यांना घरी पाठवतो. त्याच्या पुढ्यात येणाऱ्या नावांची यादी मात्र फार आखूड आहे. या लेखात मला सांगायचे आहे ते हेच.

एक जिल्हा, दोन खासदार, दोघेही बाहेरचे

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यातून आला, परतूर परभणीतून. आज तालुके आठ आहेत: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. विधानसभेचे मतदारसंघ पाच, त्यांतला बदनापूर अनुसूचित जातीसाठी राखीव. २०११ ची लोकसंख्या पाचाने भागली तर एका आमदारामागे सुमारे ३.९२ लाख माणसे येतात. राज्याच्या ११.२४ कोटी लोकसंख्येला २८८ ने भागले तर ३.९० लाख. म्हणजे विधानसभेच्या वाटपात जालन्यावर अन्याय झाला असे म्हणायला जागा नाही.

लोकसभेचे गणित वेगळे आहे. जालना लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात, पण त्यांतली जिल्ह्याची फक्त तीन: जालना, बदनापूर आणि भोकरदन. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण ही उरलेली तीन छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली. परतूर आणि घनसावंगी या दोन क्षेत्रांतले मतदार परभणीचा खासदार निवडतात. परतूरपुरते त्याला जुन्या नात्याचे तरी कारण सांगता येईल. घनसावंगीकराला परभणीत काय काम, हे त्यालाही सांगता येत नाही.

याचा परिणाम २०२४ मध्ये उघड दिसला. एकाच जिल्ह्याने लोकसभेसाठी दोन वेगळ्या तारखांना मतदान केले. घनसावंगी आणि परतूरने २६ एप्रिलला, जालना, बदनापूर आणि भोकरदनने १३ मेला. दोन तारखांच्या मध्ये सतरा दिवस. तेवढ्या काळात अर्ध्या जिल्ह्यात प्रचार संपलेला आणि उरलेल्या अर्ध्यात ऐन भरात. निकालात परभणीतून शिवसेनेचे (उद्धव ठाकरे गट) संजय जाधव ६,०१,३४३ मते घेऊन निवडून आले. त्यांच्याविरुद्ध लढलेल्या महादेव जानकर यांना ४,६७,२८२ मते पडली. जालन्यातून काँग्रेसचे कल्याण काळे आले. जाधव परभणीचे, काळे फुलंब्रीचे माजी आमदार. म्हणजे १९ लाखांवर लोकसंख्येच्या या जिल्ह्याला दोन खासदार आहेत आणि दोघांचीही राजकीय जमीन जिल्ह्याबाहेर आहे. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्री नेमले गेले, तेही पद बीडच्या पंकजा मुंडे यांच्याकडे गेले, कारण जिल्ह्यातल्या पाच आमदारांपैकी मंत्रिमंडळात कुणीच नव्हते. ज्या जिल्ह्याने २०१९ ते २०२२ राज्याला आरोग्यमंत्री दिला आणि २०२१ ते २०२४ केंद्राला रेल्वे राज्यमंत्री, त्याच्या दृष्टीने ही मोठी घसरण आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते. रस्ता, शाळाखोली, आरोग्य उपकेंद्र यांचा पैसा कुठे जाणार हे त्या टेबलावर ठरते. तिथे बसणारी व्यक्ती जिल्ह्यातल्या एकाही मतदाराला उत्तर द्यायला बांधलेली नाही, ही गोष्ट पक्ष कोणताही असला तरी मला खटकते.

सहा महिन्यांत फिरलेले लाखभर

२०१९ मध्ये रावसाहेब दानवे यांना ६,९८,०१९ मते होती आणि काँग्रेसच्या विलास औताडे यांच्यावर आघाडी ३,३२,८१५ ची. पाच वर्षांनी त्यांना ४,९७,९३९ मते मिळाली. म्हणजे दोन लाख ऐंशी मते कमी. काळे यांना ६,०७,८९७ मते पडली आणि १,०९,९५८ च्या फरकाने काँग्रेसने ही जागा १९९१ नंतर पहिल्यांदा जिंकली. गंमत अशी की, हीच जोडी २००९ मध्येही समोरासमोर होती आणि तेव्हा दानवे अवघ्या ८,४८२ मतांनी वाचले होते.

काळे यांची २०२४ ची मते दानवे यांच्या २०१९ च्या मतांपेक्षा ९० हजारांनी कमीच आहेत. मग फरक पडला कुठे? मंगेश साबळे या अपक्ष उमेदवाराने १,५५,९३० मते घेतली, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जवळपास ४६ हजार जास्त. साबळे फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचे तरुण सरपंच, मराठा आरक्षणाच्या आंदोलनातून नाव झालेले. पक्ष नाही, कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, तरी दीड लाख मते. दुसरीकडे वंचित बहुजन आघाडीची मते २०१९ च्या सुमारे ७७ हजारांवरून ३८ हजारांच्या आसपास आली. या दोन्ही हालचाली एकत्र वाचल्या की निकालाचा अर्थ लागतो. मराठा मतातला रागावलेला भाग भाजपपासून सुटला, काही साबळेंकडे गेला, काही काळेंकडे. दलित मतातला एक भाग संविधानाच्या मुद्द्यावर काँग्रेसकडे सरकला. कापूस आणि सोयाबीनच्या पडलेल्या भावाने बाकीचे काम केले.

या रागाचे गावही जिल्ह्यातलेच. अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले आणि १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. त्यानंतर राज्याचे राजकारण वर्षभर या एका गावाभोवती फिरले. जून २०२४ मध्ये तिथून जवळच, त्याच तालुक्यातल्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके यांनी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण केले. एका तालुक्यातल्या शेजारच्या दोन गावांतून राज्यातल्या दोन सर्वांत मोठ्या समाजघटकांची परस्परविरोधी मागणी उभी राहिली. अंबड तालुका विधानसभेसाठी घनसावंगी आणि बदनापूर या दोन मतदारसंघांत विभागलेला आहे, हे पुढचे आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

कारण नोव्हेंबरमध्ये पारडे फिरले. जालन्यात खोतकर (शिवसेना) १,०४,६६५ मते घेऊन काँग्रेसच्या गोरंट्याल यांच्यापेक्षा ३१,६५१ ने पुढे राहिले. बदनापुरात कुचे (भाजप) यांना १,३८,४८९ मते आणि ४५,५३१ ची आघाडी. भोकरदनमध्ये संतोष दानवे (भाजप) यांना १,२८,४८० मते आणि २३,१७९ ची आघाडी. लोकसभेला दानवेंना पाडणाऱ्या मतदारसंघातल्या या तीन क्षेत्रांनी सहा महिन्यांत महायुतीला मिळून १,००,३६१ ची आघाडी दिली.

पाचही क्षेत्रांची बेरीज करू. महायुतीच्या पाच विजयी उमेदवारांना मिळून ५,४०,७८९ मते पडली. महाविकास आघाडीच्या पाच पराभूतांना ४,३३,३७९. या दोन आघाड्यांपुरते बोलायचे तर ५५.५ टक्के विरुद्ध ४४.५ टक्के. जागा मात्र ५ विरुद्ध ०. एवढा एक आकडा ध्यानात ठेवला तरी पुरे: चार लाख तेहतीस हजार मतदारांच्या बाजूने बोलणारा एकही आमदार या जिल्ह्यातून विधानसभेत गेला नाही. आपल्या निवडणूक पद्धतीत हे नियमाला धरूनच आहे. पण त्यावरून ‘जिल्हा एका बाजूला गेला’ असे म्हणणे चूक ठरेल. घनसावंगीत २,३०९ आणि परतूरमध्ये ४,७४० चा फरक होता. दोन्ही ठिकाणी मिळून ३,५२६ मतदारांनी दुसऱ्या बाजूचे बटण दाबले असते तर निकाल ३-२ असा लागला असता.

घनसावंगीचा निकाल तर मला या निवडणुकीतला सर्वांत बोलका वाटतो. २०१९ मध्ये उढाण यांना १,०४,४४० मते पडली होती आणि ते टोपेंकडून ३,४०९ मतांनी हरले होते. २०२४ मध्ये त्यांना ९८,४९६ मते पडली, म्हणजे आधीपेक्षा सहा हजारांनी कमी, आणि ते जिंकले. टोपे १,०७,८४९ वरून ९६,१८७ वर आले. जिंकणाऱ्याची मते घटली, हरणाऱ्याची त्याहून जास्त घटली. मधली मते इतर उमेदवारांनी नेली. आंतरवाली सराटी ज्या मतदारसंघात येते तिथे, आंदोलनाच्या काळात तिथलाच आमदार असलेल्या आणि करोनाच्या साथीत राज्याचे आरोग्य खाते सांभाळलेल्या नेत्याचा असा पराभव झाला. परतूरमध्येही तेच: लोणीकर १,०६,३२१ वरून ७०,६५९ वर घसरले, तरी जिंकले, कारण विरोधी मते उद्धव ठाकरे गटाचे आसाराम बोराडे आणि अपक्ष जेथलिया यांच्यात फुटली.

२९६ मते आणि एक घड्याळ

जालना विधानसभा मतदारसंघाने १९९० पासून आठ निवडणुकांत दोनच माणसे निवडली. १९९० आणि १९९५ ला खोतकर, १९९९ ला गोरंट्याल, २००४ खोतकर, २००९ गोरंट्याल, २०१४ खोतकर, २०१९ गोरंट्याल, २०२४ खोतकर. १९९९ पासून इथे एकाही आमदाराला सलग दुसऱ्यांदा निवडून येता आलेले नाही. शहरातला मतदार दर पाच वर्षांनी हिशेब चुकता करतो, पण त्याच्यापुढे पर्याय त्या दोघांचाच असतो. २०२५ मध्ये गोरंट्याल भाजपमध्ये गेले. खोतकरांचा शिवसेना पक्ष त्याच महायुतीत आहे, तेव्हा या लढतीचे पुढे काय होणार हा प्रश्न आता जालनेकरांच्या गप्पांत रोज असतो.

या लढतीने देशाच्या कायद्याला एक महत्त्वाचा निकाल दिला आहे, तो जिल्ह्याबाहेर फारसा कुणी जालन्याशी जोडत नाही. २०१४ मध्ये शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी दोन्ही तुटल्या होत्या, मते चौफेर फुटली होती. खोतकरांना ४५,०७८ मते पडली, गोरंट्याल यांना ४४,७८२. फरक २९६. (२०२४ मध्ये त्याच मतदारसंघात ७३,०१४ मते घेणारा हरला.) गोरंट्याल न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, २७ सप्टेंबर २०१४ रोजी उमेदवारी अर्ज भरायची वेळ दुपारी ३ वाजता संपली आणि खोतकरांचा अर्ज त्यानंतर दाखल झाला. पुरावा म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण पुढे आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये खोतकरांची निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि अखेरचा निकाल १४ जुलै २०२० रोजी लागला. अपील फेटाळले गेले. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र केव्हा लागे, याचा देशभर लागू झालेला खुलासा त्या निकालात आहे आणि वकील मंडळी तो ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ याच नावाने सांगतात. जालनेकरांच्या दृष्टीने मात्र एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. निकाल लागला तेव्हा त्या विधानसभेची मुदत संपून आठ महिने होऊन गेले होते. ४४,७८२ मतदारांना मिळालेला न्याय त्यांच्या काही उपयोगाचा राहिला नव्हता.

मतदार कोण आहेत

जिल्ह्याची शहरी लोकसंख्या २०११ मध्ये १९.३ टक्के होती. एकटे जालना शहर २,८५,५७७ चे, पोलाद कारखान्यांचे, बियाण्यांचे, मोसंबी आणि रेशीम कोषांच्या बाजाराचे. उरलेले ऐंशी टक्के लोक गावांत आणि वस्त्यांवर. साक्षरता एकूण सुमारे ७१.५ टक्के, पुरुषांची सुमारे ८१.५, स्त्रियांची सुमारे ६१. वीस टक्के-बिंदूंची ही दरी मतदारसंघांच्या कुठल्याही विश्लेषणात येत नाही. मला ती जातीच्या गणितापेक्षा महत्त्वाची वाटते, कारण अर्ज, नोंदणी, पावती, योजनेचा फॉर्म या सगळ्या वाटा त्या दरीतून जातात.

जातीच्या गणिताबद्दल स्पष्ट बोलायला हवे. निवडणूक आली की ‘अमुक मतदारसंघात मराठा इतके लाख, वंजारी इतके, बंजारा इतके’ असे तक्ते छापले जातात. जनगणना १९३१ नंतर अनुसूचित जाती आणि जमाती वगळता कुठल्याही जातीची मोजणी प्रसिद्ध करत आलेली नाही. त्यामुळे हे तक्ते कार्यकर्त्यांच्या अंदाजावर उभे असतात. राज्य मागासवर्ग आयोगाने २०२४ मध्ये मराठा समाजाचे प्रमाण २८ टक्के धरले, पण तो आकडा राज्याचा आहे, एका जिल्ह्याचा नाही. जे मोजलेले आहे ते एवढे: २०११ मध्ये जिल्ह्यात अनुसूचित जाती १३.९ टक्के, अनुसूचित जमाती सुमारे २.२ टक्के, मुस्लिम सुमारे १४ टक्के, बौद्ध आठ टक्क्यांच्या जवळ.

आता हे प्रमाण २० आमदारक्यांच्या यादीशी ताडून पाहू. अनुसूचित जातीला पाचातली एक जागा राखीव असल्याने प्रत्येक निवडणुकीत एक आमदार मिळाला. जवळपास तेवढेच प्रमाण असलेल्या मुस्लिमांना चार निवडणुकांत एकही नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती प्रवर्गात मोडतो आणि अनुसूचित जमातीत समावेश मागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जालन्यात त्याचा प्रचंड मोर्चा निघाला. त्याचाही आमदार या यादीत नाही. मंठ्याचे राजेश राठोड २०२० मध्ये काँग्रेसकडून विधान परिषदेवर गेले, पण ते आमदारांनी निवडायच्या जागेवर. जनतेच्या थेट मतातून ज्यांना दार उघडत नाही, त्यांना कधीतरी परिषदेची खिडकी मिळते, एवढाच त्याचा अर्थ.

आणि घराणी. राजेश टोपे हे माजी खासदार अंकुशराव टोपे यांचे पुत्र, संतोष दानवे हे रावसाहेबांचे, चंद्रकांत दानवे हे पुंडलिक हरी दानवे यांचे. म्हणजे दहा आमदारांतले तिघे खासदारांचे मुलगे, आणि वीसपैकी सात आमदारक्या त्या तिघांकडे. भोकरदनमध्ये तर २००९ पासून चारही निवडणुकांत पहिली दोन नावे ‘दानवे’ हीच आहेत. वारसा हा दोष नाही. समर्थ साखर कारखाना आणि त्याभोवतीच्या संस्था टोपे घराण्याने उभ्या केल्या आणि त्या चालवल्या, हे अंबड-घनसावंगीत विरोधकही नाकारत नाहीत. पण सुरुवातीच्या रेषेवर कोण कुठे उभा आहे हे मोजायलाच हवे.

जिथे निम्म्या जागा होत्या, तेच दार बंद

विधानसभेत स्त्रिया नाहीत, पण जिल्हा परिषदेत होत्या. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के जागा राखीव आहेत. जालना जिल्हा परिषदेत २०१७ मध्ये ५६ गट होते, म्हणजे कायद्यानेच २८ स्त्रिया. शिवाय आठ पंचायत समित्या. अनुसूचित जाती, जमाती आणि मागास प्रवर्गांचा वाटाही तिथे बांधलेला. २०१७ मध्ये भाजप २२ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण अध्यक्षपद इतर पक्षांच्या मदतीने शिवसेनेचे अनिरुद्ध खोतकर यांच्याकडे गेले. तडजोडी, फोडाफोडी, सभात्याग सगळे झाले असेल. तरी गटागटातून निवडून आलेले ५६ लोक एका सभागृहात बसत होते.

मार्च २०२२ मध्ये ती मुदत संपली आणि प्रशासक आला. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता, त्यात प्रभागरचना बदलत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्यायला सांगितले. तरीही २०२५ संपले तेव्हा जालना जिल्हा परिषदेला लोकनियुक्त सदस्य नसल्याला पावणेचार वर्षे झाली होती. जालना नगरपालिका २०२३ मध्ये महानगरपालिका झाली आणि तिची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ उजाडेपर्यंत लांबली. या रिकाम्या खुर्च्यांचा परिणाम वरपर्यंत गेला. औरंगाबाद-जालना स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून २०१९ मध्ये अंबादास दानवे ५२४ मते घेऊन विधान परिषदेवर गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली. नवी निवड करायला मतदार हवेत, आणि हे मतदार म्हणजे स्थानिक संस्थांचे सदस्य. तेच नव्हते. म्हणून ती जागाही रिकामी राहिली.

याच काळात, जुलै २०२४ पासून, ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये स्त्रियांच्या खात्यात जमा होऊ लागले. नोव्हेंबरच्या निकालात या योजनेचा वाटा मोठा होता असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे २०२४ मध्ये जालन्यातल्या स्त्रीच्या मताला इतके वजन होते की तिच्यासाठी राज्याचा खजिना उघडला गेला. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या २८ निवडून आलेल्या स्त्रियांची जागा एका अधिकाऱ्याने घेतलेली होती, आणि विधानसभेत तिचे नाव कुणाच्या उमेदवार यादीत वर आले नाही. ती लाभार्थी झाली, प्रतिनिधी झाली नाही. राज्यभरही स्थिती फार वेगळी नाही: २०२४ मध्ये निवडून आलेल्या २८८ आमदारांत २१ स्त्रिया. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, पण नवी जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची फेररचना यांच्या अटीवर. तोवर पक्षांना तिकीट द्यायला कुणी हात धरलेला नाही.

८७०

शेवटचा आकडा पुढच्या निवडणुकीचा आहे. २००१ मध्ये जालना जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९५१ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये ९३७. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र हजार मुलग्यांमागे फक्त ८७० मुली. ही मुले मार्च २००४ ते फेब्रुवारी २०११ या काळात जन्मलेली. २०२९ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत त्यांतले प्रत्येक जण १८ वर्षांचे झालेले असेल. म्हणजे ज्या मुली जन्मू दिल्या गेल्या नाहीत, त्यांची अनुपस्थिती आता मतदार यादीत उतरते आहे. नवमतदारांत हजार तरुणांमागे १३० तरुणी लहानपणापासूनच कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांतल्या कित्येकींचे नाव लग्नाच्या धामधुमीत माहेरच्या यादीतून सुटते आणि सासरच्या यादीत लागत नाही.

मुलींचा जन्मदर एका निवडणुकीत बदलत नाही. उमेदवारीची तिकिटे आपल्या हातात नाहीत. यादी मात्र आहे. मतदार नोंदणीसाठी आता वर्षातून चार पात्रता तारखा असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नवीन नावासाठी नमुना ६, लग्नानंतर किंवा स्थलांतरानंतर पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. गावातल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी अंगणवाडी सेविकेकडे किंवा शिक्षकाकडे, हे दोन्ही होतात. दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या घरांनी ते हंगामाच्या आधी करावे. आपल्या घरात अठरा पूर्ण केलेली मुलगी असेल, नुकतीच आलेली सून असेल, तर तिचे नाव यादीत आहे का, हे या महिन्यात तपासा.